उज्ज्वलाच्या पाच ओळी

परवा शेजारच्या गच्चीवरून गव्हाच्या चिकाचा वास आला आणि मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले. आमच्या नाशिक रोडला अजूनही चैत्र लागला की कुठे ना कुठे कुरडया होतात. हल्ली आयत्या मिळतात, तरी काही हट्टी बायका उरल्या आहेत. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा तो आंबूस, कोमट वास. कुणाला त्याने भूक लागत असेल, कुणाला आजोळ आठवत असेल. माझ्या मात्र अंगावर काटा येतो. पंख्याचा घरघराट ऐकू यायला लागतो, आणि त्याच्या आड एक बारीकसा आवाज. टुक. थोडं थांबून पुन्हा टुक. सापाने दाणा गिळल्याचा.

लोकांना भुतं रात्री भेटतात. मला जे काही भेटलं ते भर दुपारी, उन्हाने डोळे दिपत असताना, नववीच्या वार्षिक परीक्षेच्या दिवसांत. दोन हजार दोन साल असेल. आपल्याकडे टळटळीत दुपारी पिंपळाखालून जाऊ नये म्हणतात ते उगाच नाही. चैत्रातल्या दुपारी आमच्या कॉलनीत चिटपाखरू नसायचं. पहिल्या पाळीची माणसं अजून नोटा छापायच्या प्रेसमध्ये, दुसऱ्या पाळीची जेवून आडवी, पोरं परीक्षेला, आणि रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. लांब स्टेशनात गाडी शिटी द्यायची तीही थकल्यासारखी. अशा वेळी घरात कुणी नसलं तरी कुणीतरी आहे असं वाटतं.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तोच मुळी म्हातारा होऊन. वर्गातल्या मुलींकडे रंगीत खिडक्या उघडणारे, गाणी म्हणणारे कॉम्प्युटर होते. आमचा सुरू केला की काळाभोर पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. माउस नाही. जे काय हवं ते टाइप करून मागायचं, आणि एक अक्षर चुकलं तर तो सरळ नाही म्हणायचा. मैत्रिणी घरी आल्या की मी त्यावर आईने विणलेलं कव्हर टाकून ठेवत असे, इतकी मला त्याची लाज वाटायची.

तो आला निकमांकडून. निकमकाका बाबांच्याच खात्यात होते, घर आमच्या मागच्या गल्लीत. त्यांच्या मुलीने, उज्ज्वलाने, बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स लावला होता, तिच्यासाठी घेतलेला. आता पडून आहे, घेऊन जा, म्हणाले. बाबा सायकलवरून दोन खेपांत घेऊन आले. मी विचारलं, "ती कुठे असते आता?" तर आई म्हणाली, "तू अभ्यास कर." मी आपलं ठरवून टाकलं, लग्न होऊन गेली असेल.

कॅबिनेटच्या कपाळावर, म्हणजे चालू करायच्या बटणाच्या वर, हळदीकुंकवाचा सुकलेला ठिपका होता. कधीच्या तरी खंडेनवमीचा. आमच्या कॉलनीत त्या दिवशी पान्ह्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी याचीही झाली असणार. मी ओलं फडकं घेतलं तर आई म्हणाली, "राहू दे. दुसऱ्याच्या हातचं कुंकू आपण पुसू नये." राहिलं. बटण दाबताना माझं बोट दर वेळी त्या ठिपक्याला लागायचं.

आतली बॅटरी गेलेली होती, म्हणून या यंत्राला काळाचं काही भानच नव्हतं. कधीही सुरू करा, त्याच्या लेखी एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, मंगळवार. आम्ही घरातली पोरं जन्मायच्या आधीचा मंगळवार. मग तो विचारायचा, आजची तारीख काय? तुम्ही सांगाल ती तो मुकाट मानायचा. नुसतं एंटर दाबलं तरी चालायचं, मग तो त्या मंगळवारीच राहायचा. पण बाबांना ते चालत नसे. बाबा प्रेसमध्ये छापून आलेले कागद तपासायचे. हातात लाल पेन्सिल, एकेका कागदावर नजर, बरोबर असेल तर कोपऱ्यात टिक. घरी दूधवाल्याने दिलेली नोटसुद्धा त्यांचा अंगठा आपोआप चाचपायचा. ते म्हणायचे, "नीलू, मशीनला तारीख खरी सांगायची. एकदा खोटं आत गेलं, की पुढे सगळं नकलीच बाहेर येतं." मला हसू यायचं, पण मी खरी तारीख टाकायचे.

त्या काळ्या पडद्यात एकच खेळ होता. एक साप, चार भिंती, आणि एका वेळी एक दाणा. दाणा खाल्ला की दहा गुण आणि साप एका घराने लांब. भिंतीला किंवा स्वतःच्याच अंगाला लागला की मेला. बस. पण मी त्या खेळाने अक्षरशः झपाटले. संपल्यावर पहिल्या पाचांची यादी यायची. नाव, गुण, तारीख. आमच्याकडे आला तेव्हा पाचही ओळींत एकच नाव होतं. UJWALA. सहाशे चाळीस, पाचशे वीस, चारशे ऐंशी, चारशे पन्नास, चारशे दहा. सगळ्या तारखा सत्त्याण्णव सालच्या. मी ती यादी गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतली आणि वर लिहिलं, हरवायचे आहे.

न पाहिलेल्या मुलीशी अशी स्पर्धा कुणी केली असेल का, मला माहीत नाही. तिच्या कीबोर्डावर माझी बोटं चालायची. डावीकडच्या बाणाचं बटण जास्त झिजलेलं होतं. ती डावीकडे वळणारी असणार. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मीही डावीकडेच वळते. दिवाळीनंतर माझं नाव पहिल्यांदा यादीत चढलं आणि तिची सगळ्यांत खालची ओळ निघून गेली. मग दुसरी. संक्रांत, शिवरात्र, द्राक्षांचे ट्रक रस्त्यावरून जाऊ लागले, आणि फाल्गुनात वरच्या तीन ओळी माझ्या झाल्या. चौथ्या-पाचव्या जागेवर तिचे सहाशे चाळीस आणि पाचशे वीस तेवढे उरले. मी घरभर नाचले होते.

त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने सांगितलं. "अगं, निकमांची उज्ज्वला? ती वारली की. कावीळ झाली होती. अठ्ठ्याण्णवमध्येच."

मी घरी आले आणि त्या विणलेल्या कव्हराकडे बघत बसले. आईला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. आमच्या घरात अशा गोष्टी मुलांपासून झाकून ठेवायची पद्धत, आणि मुलांनी कळल्याचं झाकून ठेवायची. दोन्हीकडून झाकलेल्या जागेत मग भलतंच काही तरी वाढतं.

चार दिवस मी त्या मशीनला हात लावला नाही. पाचव्या दिवशी राहवलं नाही. बोट ठिपक्याला लागू नये म्हणून पेनाच्या टोकाने बटण दाबलं, तारीख टाकली, एक डाव खेळून लगेच मेले, आणि यादी आली. वरच्या तीन ओळी माझ्या. चौथी उज्ज्वलाचे सहाशे चाळीस. पाचवी: UJWALA, पाचशे तीस, तारीख एक जानेवारी ऐंशी.

वहीत पाचशे तीस नव्हतेच. सत्त्याण्णवचे पाचशे वीस गेले होते आणि त्यांच्या जागी ती आणखी दहा गुण मिळवून बसली होती, त्या मंगळवारी, जिथे कुणीच राहत नाही. पाठीमागे पंखा फिरत होता आणि मान वळवायची हिंमत होईना. मी तार ओढून मशीन बंद केलं. पडदा बराच वेळ मधोमध एक पांढरा ठिपका धरून राहिला.

तेव्हापासून मी खुणा शोधायला लागले, आणि शोधल्या की सापडतातच. शाळेतून आल्यावर मी मॉनिटरच्या पाठीवर हात ठेवून बघायचे. कोमट. रोज नाही, पण बरेचदा. कव्हराची दुमड मी डावीकडे ठेवलेली असायची, ती उजवीकडे. खुर्ची जरा जास्त आत. आई म्हणायची, "उन्हाने तापलं असेल." खोलीत ऊन येत नव्हतं.

परीक्षा सुरू झाली तशी माझी भीती रागात बदलली. इतिहासाच्या पेपराच्या आदल्या दिवशी मी ठरवलं की हे नावच काढून टाकायचं. यादीत नाव नसेल तर ती येणार तरी कशाला? दात-ओठ खाऊन खेळले. सहाशे सत्तर झाले. पाचव्या ओळीतलं ऐंशी सालचं नाव खाली घसरून नाहीसं झालं. आता तिची एकच ओळ राहिली, सगळ्यांत तळाशी, सहाशे चाळीसची. आणखी एक चांगला डाव, की संपलं. पण तेवढ्यात आईने अभ्यासाला बसवलं.

इतिहासाचा पेपर लवकर सुटला. मी घरी आले तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. दार नुसतं लोटलेलं. आणि आतून आवाज येत होता. टुक. टुक. टुक.

दाराबाहेर चपला होत्या. झिजलेल्या, बायकी, आईच्या नव्हेत. भुताला चपला नसतात एवढं मला त्या अवस्थेतही सुचलं, म्हणून मी आत जाऊ शकले. माझ्या खुर्चीवर निकमकाकू बसल्या होत्या. पदर डोक्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एकेका बोटाने बाण दाबत होत्या. शेजारी आई कुरडयांच्या तुकड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेली. मला बघून आईचा चेहरा पडला. काकूंचा साप भिंतीवर आपटला.

काकू सटाण्याकडच्या. बोलता बोलता त्यांची अहिराणी मध्येच डोकवायची. पडद्याच्या तळाशी बोट ठेवून त्या म्हणाल्या, "घाबरू नको माय. मनी पोरनं नाव शे ते." माझ्या पोरीचं नाव आहे, म्हणत होत्या.

मग हळूहळू सगळं कळलं. काका घरात तो कॉम्प्युटर बघू शकत नव्हते, आणि काकू त्याच्याशिवाय राहू शकत नव्हत्या. दिवाळीपासूनच त्या अधूनमधून आईकडे येत, उन्हाळ्याची कामं निघाली तशा वरचेवर मदतीला येऊ लागल्या, आणि दुपारी सगळं उन्हात घातल्यावर पाच मिनिटं म्हणून यासमोर बसू लागल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. ती सहा अक्षरं मात्र लेकीने शिकवली होती, आणि खेळसुद्धा तिचं बघून बघून माहीत होता. तारखेचं कळत नसे, ते विचारी तेव्हा त्या एंटर दाबून पुढे जायच्या.

"आधी पाच ओळी होत्या," काकू म्हणाल्या. "मग चार. मग तीन. दर खेपेला एक कमी. म्हटलं, उजूचं नाव चाललं की खाली. आता आपणच शिकावं. महिनाभर बसले, तेव्हा एकदा नाव लागलं. काल तेही गेलं. आज बघते तर एकच राहिलं."

त्यांनी कुणाला दोष दिला नाही. यादीत दुसरं नाव कुणाचं आहे हे त्यांना वाचता येत नव्हतं. NEELU ही अक्षरं त्यांना कुणी शिकवली नव्हती. आई सुपातल्या कुरडयांकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर बसून त्यांनी जे नाव लावलं, त्याने त्यांच्याच लेकीची खरीखुरी पाचशे वीसची ओळ ढकलून दिली होती, हेही त्यांना माहीत नव्हतं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

"परवा शेवटचा पेपर ना तुझा?" जाताना काकू म्हणाल्या. "तीनला येते मी. तू शिकव मला. तुला चांगलं येतं म्हणते तुझी आई."

शेवटचा पेपर चित्रकलेचा, अकराचा. त्या सकाळी मी सहाला उठले. आई पापड लाटायला निकमांकडे गेली. बाबांची दुसरी पाळी होती, ते गॅलरीत पेपर वाचत होते. माझा बेत साधा होता. मशीन तुम्ही सांगाल ती तारीख मानतं, आणि साप तुम्ही म्हणाल तिथे मरतो. म्हणजे वहीतल्या पाचही ओळी जशाच्या तशा परत आणता येतील. फक्त वर माझ्या चार ओळी बसल्या होत्या, त्या असेपर्यंत तिला जागा नव्हती. म्हणून मी यादीची फाइलच पुसून टाकली. फाइल पुसायचं शाळेत शिकवलेलं ते एकच वाक्य तेव्हा उपयोगी पडलं. एंटर दाबलं आणि दाबल्यावर कळलं, की उज्ज्वलाची उरलेली एकुलती एक खरी ओळही मी त्यासोबत पुसली. तिच्या बोटांनी मिळवलेले ते शेवटचे सहाशे चाळीस. मी खुर्चीत बसल्या बसल्या रडले. पण रडायला वेळ नव्हता.

सत्त्याण्णव सालची तारीख टाकली. एकेचाळीस दाणे मोजून सापाला भिंतीवर घातलं. चारशे दहा. नाव, UJWALA. पुन्हा तारीख बदलली. चारशे पन्नास. चारशे ऐंशी. पाचशे वीसला तीन वेळा चुकले, चौथ्यांदा आले. साप मारायचा म्हणजे काही नाही, पण दर वेळी ते नाव टाइप करताना वाटायचं की कुणीतरी खांद्यावरून बघतंय आणि मोजतंय. सहाशे चाळीस मात्र येईनात. सहाशे सत्तर, सातशे सहज काढणारी मी, सहाशेच्या आतच धडपडत होते. साडेदहा वाजले. दर वेळी मी नाव न देता बाहेर पडत होते, आणि यादीत तळाची एक ओळ रिकामी राहत होती.

"नीलू, पेपर चुकेल," बाबा दारात येऊन म्हणाले. वही तिथेच उघडी टाकून मी पळाले.

त्या पेपरात मी काय काढलं ते आठवत नाही. अडीचला फाटकाशी आले तेव्हा बाबा सायकल बाहेर काढत होते. किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाले, "भात झाकून ठेवलाय. पोटभर जेव." आणि गेले. मी आत धावले. मॉनिटरच्या पाठीवर हात ठेवला. गरम होता. मशीन सुरू केलं, डाव सुरू केला, पहिल्याच भिंतीवर आपटले, आणि यादी आली.

पाचही ओळी. सगळ्यांत वर UJWALA, सहाशे चाळीस, आणि वहीतली सत्त्याण्णवची तीच तारीख.

तीनला आईबरोबर काकू आल्या. पडद्यासमोर उभ्या राहिल्या. ओठ हलवत मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग खुर्चीचा हात धरून खाली बसल्या, आणि म्हणाल्या, "आली सगळी परत." आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. त्या दिवशी काकू खेळल्या नाहीत. पदराने फक्त पडदा पुसला.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना विचारलं होतं. "तुम्ही खेळलात का काल?"

"मला कुठे जमतंय ते साप-बिप?" बाबा म्हणाले. "तारीख कितीची आहे?"

"सत्त्याण्णवची."

"मग? मी कधी खोटी तारीख टाकलीय?"

हे खरंच होतं. बाबांनी खोटी तारीख कशावरच टाकली नव्हती, रजेच्या अर्जावरसुद्धा नाही. तेव्हा उरली एकच. तिला तिची ओळ हवी होती आणि ती येऊन लिहून गेली. मी विज्ञान शिकले, नोकरी केली, माझ्या मुलाला भुतं नसतात म्हणून रागावले. पण मनात खोल कुठेतरी वीस वर्षं मी हेच मानत आले. त्या खेळाला मी पुन्हा हात लावला नाही. काकू मात्र पुढे कितीतरी उन्हाळे येऊन यादी बघून जायच्या. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हाही पाचही ओळी जागेवर होत्या.

बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा तो चिकाचा वास आला तेव्हा मी माहेरीच होते, आईबरोबर माळा आवरत होते. कॉम्प्युटर तिथेच होता, कव्हरात गुंडाळलेला, ठिपक्यासकट. खाली उतरवून लावून बघितला. पंखा घरघरला आणि बंद पडला. पडदा काही उजळला नाही. त्याच्याखाली माझी नववीची गणिताची वही होती. त्या सकाळनंतर मी ती पाहिलीच नव्हती. शेवटचं पान उघडलं. हरवायचे आहे. खाली पाच ओळी, माझ्या तेव्हाच्या गोल अक्षरात. आणि पान उलटलं तर पाठीमागे, जिकडे मी तेव्हा कधी बघितलंच नव्हतं, पेन्सिलीने बारीक बारीक आकडे लिहून खोडलेले. तीनशे वीस. चारशे. पाचशे दहा. पाचशे ऐंशी. सहाशे दहा. कितीतरी. ते काही एका दुपारचे नव्हते. काही फिके पडलेले, काही वेगळ्या पेन्सिलीचे. काकू यायच्या नाहीत त्या दिवशीही मॉनिटर का कोमट असायचा ते मला उभ्या उभ्या कळलं.

आई स्टुलावर बसून चष्मा पुसत होती. "मी बाजारात गेले की तुझे बाबा बसायचे," ती म्हणाली. "तुला सांगू नको म्हणाले होते. त्या दिवशी दोन तास लागले त्यांना. सत्त्याण्णवची तारीख दोनदा टाकून पुसली म्हणे."

आकड्यांच्या शेवटी सहाशे चाळीस होते, न खोडलेले. आणि पुढच्या बाजूला, पाचही ओळींच्या कोपऱ्यात, प्रेसमध्ये खऱ्या कागदावर करतात तशी, लाल पेन्सिलीची टिक होती.